आवडाबाईंनी धरून ठेवलेला बाजार

कोट उलटवणं म्हणजे काय, हे परवा माझ्या नातवाला समजावून सांगावं लागलं. शिंप्याचं पोर, विजेच्या मशीनवर शिवतो, आणि हे ठाऊक नाही! म्हटलं, अरे बाबा, लोकरी कोट काही वर्षं वापरला की वरून विटतो, कोपरं चकाकायला लागतात. आतली बाजू मात्र नवीकोरी असते. मग शिंप्यानं सगळे टाके उसवायचे, कापड पालथं घालायचं आणि पुन्हा तस्साच कोट शिवायचा. कोट नवा दिसतो. भानगड एकच होते, छातीवरचा डावा खिसा उजवीकडे येतो. तो काही केल्या लपत नाही.

मंदीच्या वर्षांत जव्हारच्या कचेरीतला एक कारकून असा कोट उलटवायला माझ्याकडे आला. आधी दुकानाबाहेर दोन्हीकडे बघितलं, मग आत शिरला. "दत्तू, कुणाला कळता कामा नये." मी म्हटलं, "रावसाहेब, माझं तोंड बंद राहील, खिशाचं तेवढं मी सांगू शकत नाही." झालं. तो कोट घालून गेला आणि पंधरवड्यात दुसरा कारकून आला. मग तिसरा. वर्षअखेर निम्म्या कचेरीचे खिसे उजवीकडे. शेवटी एक गृहस्थ आले, त्यांचा कोट सासऱ्यानं दिलेला, कोरा करकरीत. म्हणाले, "माझाही खिसा उजवीकडे लाव. नाहीतर वरचे साहेब म्हणतील, या दिवसांत याला नवा कोट परवडतो कसा?" मी लावून दिला. मंदीत अशीही कामं येतात.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी धंद्यातल्या आठवणी मागितल्या. स्वतःबद्दल लिहायला मला आवडत नाही असं काही मी म्हणणार नाही, चांगलं भरपूर आवडतं. पण मंदीचा विषय निघाला की मला मी आठवतच नाही. आठवतात त्या आवडाबाई कासारीण. तेव्हा कोटाचं राहू द्या, खोडाळ्याच्या बाजाराचं सांगतो.

आमचं जव्हार संस्थानात. मोखाडा आणि खोडाळा इंग्रजांच्या मुलखात. नकाशावर मोठी हद्द, पण बैलाला आणि गिऱ्हाइकाला ती कधी दिसली नाही. आम्ही जव्हारचे काही छोटे धंदेवाले दर आठवड्याला आदल्या दिवशी निघायचो, मोखाड्याला मुक्काम करायचो आणि बाजाराच्या दिवशी खोडाळा गाठायचो. गाडी हरिशेट वाण्यांची. तिच्यात त्यांची मिठाची पोती, मिरच्या, गूळ, वर माझं हातमशीन आणि मागच्या बाजूला आवडाबाईंची बांगड्यांची पेटी. पेटीखाली त्या स्वतःची गोधडी घालायच्या आणि स्वतः गाडीच्या फळीवर बसायच्या. काच आहे, म्हणायच्या, मला काय होतंय.

मंदी आमच्याकडे कशी आली ते सांगतो, कारण शहरातल्या माणसाला वाटतं मंदी म्हणजे दुकानदारांचं काहीतरी दुखणं. सात समुद्रांपलीकडे कुणाचं तरी दिवाळं वाजलं. मुंबईत घरं बांधायची थांबली. घरं नाहीत तर लाकूड नको, म्हणून ठेकेदार आला नाही. ठेकेदार नाही म्हणून जंगलतोडीचं काम बंद, आणि ते बंद म्हणून पाड्यावरच्या माणसाच्या हातात मजुरीचे पैसे नाहीत. घरात थोडी नागली होती, वरई होती, पावसाळ्याच्या शेवटी कंदमुळं होती. पोट कसंतरी चालायचं. पण चोळी शिवायला रोकड लागते, आणि ती कुठून आणणार? म्हणून खोडाळ्याच्या आंब्याखाली माझं मशीन गप्प बसलं. मी चाकाला तेल घालायचो, पुसायचो, परत तेल घालायचो.

आता आवडाबाई. वय चाळिशीचं, अंगानं बारीक, आवाज मात्र खणखणीत. नवरा लवकर गेला. जव्हारात कासाराचं दुकान होतं ते दीर दामूशेट यांच्याकडे गेलं. कासारांच्या घरात वाटणी होते तेव्हा भांडीकुंडी वाटतात तशी गिऱ्हाइकंही वाटतात. कुठली आळी कुणाची, कुठलं गाव कुणाचं, ते ठरतं आणि दुसऱ्यानं तिथे पाऊल टाकायचं नाही. जव्हारची सगळी घरं दामूशेटनी ठेवली आणि विधवा भावजयीला रानातला एक बाजार दिला, खोडाळा. देताना म्हणाले म्हणे, "वहिनी, मोकळी हवा आहे तिकडे." असली वाटणी! पण बाईंनी भांडण केलं नाही. खोडाळ्याचा बाजार हेच त्यांचं शेत, हेच घर. तो मोडला तर जव्हारात त्यांना एक बांगडी विकायची सोय नव्हती. दिराच्या दारात जाऊन बसणं, एवढंच उरलं असतं.

बाजार मोडणं म्हणजे काय, हेही सांगायला हवं. आठवड्याच्या बाजाराला भिंती नसतात. माणसं येतात म्हणून तो असतो. मीठवाला आला नाही की पाड्यावरची बाई डोंगर उतरून फुकट येते. पुढच्या वेळी ती येत नाही. ती येत नाही म्हणून सुकटवाली येत नाही, मग शिंपी येत नाही, आणि मग तिथे नुसता आंबा उरतो. एकदा माणसांनी वाट बदलली की परत वळत नाहीत. असे मोडलेले बाजार मी पाहिले आहेत.

आणि आमचा मीठवालाच डळमळायला लागला होता.

हरिशेट माणूस सरळ, पण रीतीचा कडक. दिवसाच्या पहिल्या विक्रीला आम्ही भवानी म्हणतो. भवानी कुणाच्या हातून होते यावर दिवस कसा जाणार ते ठरतं, असं धंदेवाले मानतात. पहिलं गिऱ्हाईक हसतमुख असावं, घासाघीस करणारं नसावं, आणि विधवा तर नसावीच. हरिशेट हे फार पाळायचे. आवडाबाईंना मीठ हवं असलं तरी त्या स्वतःच थांबायच्या. "शेटची भवानी होऊ द्या," म्हणायच्या. कधी कधी मंदीत ती दुपारपर्यंत व्हायची नाही, आणि बाई तोपर्यंत मीठ न घेता बसायच्या. मला राग यायचा. त्यांना आला तरी दिसला नाही.

एका बाजाराला तर उन्हं कलली तरी हरिशेटच्या पोत्याचं तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी तागडी उचलून गाडीत टाकली. आम्हाला म्हणाले, "ऐका. पुढच्या बाजारापासून मी गाडी जोडत नाही. बैलांचा चारासुद्धा सुटत नाही."

आमच्या शेजारी बसणारी सुकटवाली खाली बघायला लागली. मशीन डोक्यावर घेऊन तर मी खोडाळ्याला येणार नव्हतो. आवडाबाई उठून त्यांच्यापुढे गेल्या.

"शेट, होळीपर्यंत गाडी जोडा."

"बाई, होळीला काय आभाळातून गिऱ्हाईक पडणार आहे?"

"होळीच्या बाजाराला गर्दी झाली नाही तर मीच सांगेन, सोडा गाडी. तोवर जोडा."

"आणि तोवर काय? गोण्या हवेशीर करायला आणू?"

"आणा की," बाई म्हणाल्या. "खारट हवा चांगली असते म्हणतात."

हरिशेटना हसू आलं आणि तिथेच ते फसले. बरं, म्हणाले, होळीपर्यंत.

पुढच्या बाजाराला आवडाबाईंनी आपली जागा बदलली. नेहमी त्या आंब्यामागे बसायच्या, सावलीत, काच तापू नये म्हणून. त्या दिवशी वाटेच्या तोंडाशी बसल्या. मोळी विकून एक बाई चालली होती, लाडकी नावाची. जवळच्याच पाड्यावरची. तिला हाक मारली.

"लाडके, ये. हात बघू."

"बाय, माज्याकडं देयाला काय नाय."

"मागितलं कुणी? बस."

लाडकीच्या डाव्या हातात बांगड्या होत्या, उजव्यात एकच उरलेली. कामाच्या हाताचं तसंच होतं. लाकूड तोडताना, आवणी करताना काच टिकत नाही. बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही, वाढली म्हणतो. तर तिच्या उजव्या हातातल्या एक सोडून सगळ्या वाढल्या होत्या आणि नव्या घ्यायची ऐपत नव्हती. आवडाबाईंनी तिच्या हाताला खुरासणीचं तेल लावलं. मग अंगठ्याच्या बुडापासून चोळायला लागल्या, हळूहळू, गप्पा मारत.

कासाराची खरी विद्या इथे असते, विक्रीत नसते. बांगडी मनगटाच्या मापाची असावी लागते, पण तिला जायचं असतं पंज्यावरून. शहरातल्या बाईचा पंजा मऊ, लगेच दुमडतो. डोंगरातल्या बाईची हाडं कामानं जाड झालेली, तळवा घट्ट. तिथे जोर लावला तर काच फुटते, हाताला लागते, आणि फुटलेल्या बांगडीचं नुकसान कासाराचं, ही रीत. म्हणून आधी हात सैल करायचा. आवडाबाई तो असा धरायच्या की बाईला कळायच्या आत बांगडी मनगटावर. मी कितीतरी वर्षं शेजारी बसून बघितलं, मला अजून ते कळलेलं नाही.

त्यांच्या पेटीच्या तळाशी सुट्या बांगड्या होत्या. जोड तुटलेल्या, एकेकट्या, कुणी घेत नाही अशा. त्यांतल्या त्यांनी रंगाला रंग बघून काढल्या, लाडकीच्या डाव्या हातातल्या थोड्या उतरवून मध्ये मध्ये मिसळल्या आणि उजवा हात असा भरला की वाटावं, मुद्दाम रंगीत करून घेतला आहे. लाडकी हात हलवून बघत राहिली. मग डावा पुढे केला.

"तो पुढच्या बाजाराला," आवडाबाई म्हणाल्या.

"आं?"

"एका दिवसात एकच हात. तेल मुरायला हवं."

तेल मुरायचं काही नव्हतं! मी तोंड फिरवून हसलो. पण एक हात भरलेला आणि एक अर्धा, अशी बाई आठवडाभर पाड्यावर फिरणार. पाणवठ्यावर चार जणी विचारणार. आणि काही झालं तरी पुढच्या बाजाराला ती डोंगर उतरणार. बरोबर त्या चौघीही येणार.

तसंच झालं. लाडकी आली ती जावेला, नणंदेला घेऊन. पुढच्या वेळी आणखी बाया. कुणी मूठभर नागली द्यायची, कुणी हिरडे, कुणी काहीच नाही. बाई नको म्हणायच्या नाहीत आणि मागायच्याही नाहीत. असतील शितं तर जमतील भुतं म्हणतात, इथे शितं नसताना जमली. हरिशेट म्हणाले, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं चाललंय बाई तुमचं. धंदा आहे की धर्मशाळा?"

"धर्मशाळेत उतरलेल्यालाही मीठ लागतं, शेट," त्या म्हणाल्या.

आणि लागलंच की. हात भरायचा नंबर लागेपर्यंत बाया बसणार कुठे? माझ्या चटईच्या कडेला. तिथे बसल्या की नजर मशीनवर जायची. मी पहिल्यांदा नव्या चोळीची विचारणा केली, तर सगळ्या हसल्या. आवडाबाई हातातलं काम न सोडता मला म्हणाल्या, "दत्तू, नवं नको विचारू. फाटकं विचार."

लुगडं मध्ये विरतं, बसण्याच्या जागी. दोन्ही टोकं चांगली असतात. विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन चांगली टोकं जोडायची, याला दंड घालणं म्हणतात. शिवण उठून दिसू नये ही त्यातली करामत. जव्हारात असली कामं घरी सुईदोऱ्यानं व्हायची, मशीनवर कोणी आणायचं नाही. खोडाळ्यात मी त्या हंगामात दंडच घातले. नागलीच्या बदल्यात, हिरड्याच्या बदल्यात, एकदा तर एका म्हाताऱ्यानं बंडीला ठिगळ लावल्याबद्दल मोठा लाल भोपळा आणून मशीनवर ठेवला. माझ्या बायकोनं तो आठवडाभर रांधला आणि तेवढे दिवस माझ्याशी बोलली नाही. पण चाक फिरत होतं. चाक फिरताना दिसलं की वाटेवरचा माणूस थांबतो, हे धंद्यातलं साधं गणित मला त्या बाईनं शिकवलं. मी जन्माचा शिंपी.

होळीचा बाजार उजाडला. आम्ही पोहोचलो तेव्हा धुकं होतं, माणूस कोणी नाही. हरिशेटनी पोती उतरवली. आवडाबाई पेटी उघडून बांगड्यांच्या माळा लावत होत्या, जणू काही आज आणि उद्या यात फरक नाही. हरिशेटनी तागडी टांगली, मिठाच्या पोत्याचं तोंड सोडलं आणि हाक मारली.

"बाई, मीठ न्या."

"भवानी होऊ द्या, शेट."

"तीच करतोय. या."

आवडाबाई थांबल्या. मग उठल्या, पदर डोक्यावर ओढून घेतला आणि गेल्या. हरिशेटनी मीठ तोललं, वर एक मूठ जास्त घातली. बाईंनी दिलेले पैसे कपाळाला लावून गल्ल्यात टाकले, रोज लावतात तसेच. बाई परत येऊन बसल्या आणि बराच वेळ एकच माळ हातात धरून होत्या. मी मशीनला तेल घालायला लागलो, ते आधीच घातलेलं होतं.

त्या दिवशी धुकं उठलं तेव्हा चारी वाटांनी माणसं उतरत होती. होळीसाठी दोन्ही हात भरून हवे होते सगळ्यांना. मिठाची पोती दुपारीच रिकामी झाली. गाडी सोडायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

पुढे दिवस थोडे सुधारले. ठेकेदार परत आला, लाकडाच्या गाड्या कसाऱ्याच्या स्टेशनाकडे जायला लागल्या, लग्नं ठरली, मला नव्या चोळ्या आल्या. आता पाड्यावरच्या बाया रोख देऊन नवी काच घ्यायला लागल्या आणि आवडाबाईंची पेटी पहिल्यांदाच हलकी होऊन परत जायला लागली. खोडाळ्याचा बाजार फुलला, अशी बोलवा जव्हारपर्यंत गेली. जव्हारात मात्र मंदी हटली नव्हती. कचेरीतले खिसे अजून उजवीकडेच होते.

आणि एका बाजाराला दामूशेट आले. स्वतःची गाडी, नवी काचेच्या झाकणाची पेटी, आत सोनेरी रेघांच्या बांगड्या, आरशासारख्या चमकणाऱ्या. वाटणीतला शब्द मोडून आवडाबाईंच्या समोरच, वाटेच्या दुसऱ्या बाजूला त्यांनी सतरंजी अंथरली. "वहिनी," म्हणाले, "बाजार मोठा आहे. दोघांचं भागेल."

आवडाबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी होती नव्हती ती काच वाटून हा बाजार धरला होता. दामूशेटजवळ भांडवल होतं, त्यांना तोटा सोसत वर्षभर स्वस्त विकता आलं असतं. बाईंना महिनाभरही नाही. हे आम्हाला सगळ्यांना तिथल्या तिथे कळलं.

हरिशेट तापले. "हाकलून देतो," म्हणाले. "पंच बोलावतो. शब्द म्हणजे काय चिंधी आहे?"

"नको, शेट," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा नव्हता. "बाजार कुणाच्या बापाचा नसतो. आला आहे त्याला बसू द्या."

बाया आल्या. सोनेरी रेघ बघून थांबल्या, थांबणारच. एक नुकतं लग्न ठरलेली मुलगी पुढे बसली आणि हात दिला. दामूशेटनी जव्हारच्या सवयीनं मनगट बघितलं, पंजा बघितलाच नाही. नाजूक बांगडी घेतली आणि बोटं दाबून सरकवली. काच कट्‌ झाली. मुलीच्या अंगठ्यापाशी रक्त आलं. "वाढली, वाढली, काही नाही," म्हणत त्यांनी दुसरी घेतली. ती पण गेली. तिसरीला मुलीनं हात मागे ओढून पदरात लपवला आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली. लग्न ठरलेल्या पोरीच्या हातात काच फुटली, हे बायांना आवडलं नाही. त्या उठल्या.

दामूशेट म्हणाले, "अहो, या. स्वस्त लावतो."

लाडकी त्यांच्यासमोर उभी होती. ती म्हणाली, "सस्ताय त ठेव. हात काय असा कोनालाबी देयाचा?"

मग सतरंजीकडे कुणी फिरकलं नाही. दामूशेट उन्हात बसून होते. समोर सुंदर माल आणि बाजूला फुटलेल्या काचेचा ढीग. हाका मारून घसा बसला तेव्हा गप्प झाले. हरिशेट मधूनमधून त्यांच्याकडे बघून मिशीला हात लावत होते. मलाही बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. दुष्काळात तेरावा महिना. जव्हारात विक्री नाही म्हणून आले आणि इथेही भवानी नाही.

उन्हं उतरली. आम्ही आवराआवर करायला लागलो. दामूशेट पेटीचं झाकण लावत होते तेवढ्यात आवडाबाई वाट ओलांडून गेल्या आणि त्यांच्या सतरंजीसमोर खाली बसल्या.

"भाऊजी, त्या सोनेरी रेघेतल्या द्या. मोठ्या मापाच्या."

दामूशेटना वाटलं, ही चिडवायला आली. "कशाला, वहिनी?"

"घ्यायला. भवानी झाली नाही ना तुमची?"

दामूशेटची नजर त्यांच्या मोकळ्या मनगटावर गेली. त्यांनी पेटीवरचा हात काढला नाही. "तुमच्या हातची भवानी…" एवढंच म्हणाले आणि अडखळले.

मागून हरिशेट बोलले, अगदी शांतपणे. "मी होळीपासून तीच घेतोय, दामूशेट. त्याआधी माझी पोती भरलेली परत जायची."

सुकटवाली टोपली डोक्यावर घेता घेता थांबली होती. दामूशेटनी झाकण उघडलं, मोठ्या मापाच्या बांगड्या शोधून काढल्या, पुसल्या आणि भावजयीच्या हातात ठेवल्या. तिनं पदराच्या गाठीतून काढून दिलेले पैसे घेतले. त्यांचा हात कपाळापर्यंत गेला आणि तिथेच थोडा राहिला.

"त्या पोरीला भरीन," आवडाबाई म्हणाल्या. "लग्नाच्या पोरीला असा हात घेऊन पाठवू नये. माल तुमचा उत्तम आहे, भाऊजी. पण या बायांचे हात तुम्हाला ठाऊक नाहीत. मला आहेत."

दामूशेट उठले. सतरंजी झटकली, गाडीत टाकली. नवी पेटी उचलली आणि आम्हाला वाटलं, निघाले. ते पेटी घेऊन वाट ओलांडून इकडे आले आणि ती आवडाबाईंच्या जुन्या पेटीशेजारी ठेवली.

"ही इथेच राहू द्या, वहिनी," म्हणाले. "संपली की निरोप पाठवा. मी भरून पाठवीन." आणि मागे न बघता गाडीत चढले.

हरिशेटना ते पचलं नाही. बैल जुंपताना ते म्हणालेच, "बाई, मोकळ्या हवेत हाकललं होतं यानं तुम्हाला. आज रिकामा जाणार होता तर जाऊ द्यायचा होता. कायमचा धडा मिळाला असता."

आवडाबाई दोन्ही पेट्यांखाली गोधडी सारखी करत होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, "त्याला धडा मिळाला असता, शेट, पण जव्हारात काय बोलला असता? खोडाळ्याला गेलो, दिवसभर बसलो, भवानीसुद्धा झाली नाही. हे ऐकून उद्या मीठवाला येईल का, शिंपी येईल का? मोठ्या कष्टानं माणसं यायला लागली आहेत. या बाजारातून कुणी रिकामं परत गेलं, असं व्हायला नको."

हरिशेटनी गाडीतली मिठाची रिकामी पोती काढली, घडी करून फळीवर घातली आणि म्हणाले, "इथे बसा, बाई. फळी लागते."